बाटली कंपनीची लेक

कल्याण-शीळ रस्त्याला लागून काचेच्या बाटल्या करणारी एक कंपनी होती. आसपासची माणसं तिला बाटली कंपनीच म्हणत. कंपनीच्या मागच्या अंगाला कामगारांच्या खोल्यांच्या रांगा होत्या आणि त्यातल्याच एका खोलीत उत्तरा दरेकर वाढली. वडील तानाजी भट्टीवर होते. ती शाळेत असतानाच आई काविळीने गेली. त्यानंतर तिची वेणी शेजारच्या विमलाबाई घालू लागल्या आणि शाळेचा डबाही त्यांच्याच घरून जाऊ लागला. दहावीच्या पेपरांना तिला केंद्रावर सोडायला विमलाबाईंचे यजमान दगडूकाका सायकल काढत, कारण तानाजींची पहिली पाळी असे. खोल्यांमधून मुली पुष्कळ होत्या, पण कोणी ‘आपली लेक’ म्हटलं की डोळ्यांपुढे उत्तराच येई. आई नसलेलं पोर सगळ्यांच्या वाटणीला येतं, त्यातलं ते.

ती वकील झाली तीही अर्धी त्यांच्याच हौसेने. भट्टीवरच्या माणसांना वकिलांचा अनुभव बरा नव्हता. कोणाचं बोट गेलं, कोणाचा फंड अडकला, की ठाण्याला खेपा घालायच्या आणि वकिलाच्या कारकुनाचं तोंड बघून परत यायचं. ‘घरात एक म्हैस आणि एक वकील पाहिजे,’ असं दगडूकाका म्हणत. ‘म्हैस काय आपल्याला खोलीत बांधता येणार नाही. वकीलच करू या.’ उत्तरा ठाण्यातून वकिलीची परीक्षा पास झाली तेव्हा पेढे तानाजींनी वाटण्याआधी दगडूकाकांनीच वाटले.

पहिली काही वर्षं ती एका म्हाताऱ्या वकिलांच्या हाताखाली होती. ते फक्त कामगारांची कामं घेत. ग्रॅच्युइटी, फंड, पेन्शन. या कामाला वकील तयार होत नाहीत. खुनाच्या खटल्याला गोष्ट असते, घटस्फोटाला असते, जमिनीला तर असतेच. निवृत्तीच्या पैशाला कसली गोष्ट? उत्तराला मात्र तेच आवडलं. कोणत्या वर्षी कोणती सुधारणा झाली, कुठल्या शब्दावर कुठला निकाल फिरला, हे तिला तोंडपाठ असे. एकदा तारीख संपवून जिना उतरताना ते म्हातारे वकील म्हणाले, ‘उत्तरा, आपले अशील सगळे साठीच्या पुढचे. समोरच्याला जिंकावं लागत नाही. त्याला नुसतं थांबावं लागतं.’ त्यांनी ते दुःखाने सांगितलं होतं. उत्तराने ते माहिती म्हणून ऐकलं.

कामगारांची कामं करून शेवग्याच्या शेंगा आणि आंब्याची साठं पुष्कळ मिळतात. तिचं लग्न झालं. नवरा ऋतुराज कंप्यूटरच्या कामासाठी निम्मं वर्ष परदेशी. घोडबंदर रोडला घर घ्यायचं ठरलं आणि उत्तरा कंपन्यांची कामं करणाऱ्या एका ऑफिसात गेली. तिथे तिचं नाव झालं ते तिच्या गोडव्याने. बाकीचे वकील समोरच्या कामगाराकडे बघतही नसत. ही बाहेरच्या बाकावर त्याच्याशेजारी जाऊन बसे. ‘काका, पाय सुजलेत का हो? चहा सांगू?’ म्हातारा माणूस, सकाळपासून ताटकळलेला. तो बोलत सुटे. मुलगा विचारत नाही, मधली दोन वर्षं दुसरीकडेच कामाला होतो, सही बायकोने केली होती. पुकारा झाला की उत्तरा आत जाई आणि बाकावर ऐकलेलं आत विचारी. एकाही म्हाताऱ्याला तिने कधी आवाज चढवून विचारलं नाही. पुष्कळदा तर हरल्यावरही ते तिलाच रिक्षा कुठे मिळेल ते विचारत.

आणि मग बाटली कंपनी बंद पडली.

बाजारात बाटल्या प्लास्टिकच्या झाल्या होत्या आणि जमिनीला सोन्याचा भाव आला होता. भट्टी विझवली ती कायमचीच. कामगारांची अट होती, ग्रॅच्युइटी हातात द्या, मग खोल्या सोडतो. कंपनीची अट होती, खोल्या सोडा, मग ग्रॅच्युइटी देतो. गेटबाहेर मंडप पडला, साखळी उपोषण सुरू झालं. गोविंदा हा तिथलाच, शीळकडच्या गावातला, वडिलोपार्जित भातशेती कंपनीत गेली तेव्हा बदल्यात नोकरीला लागलेला. तो पुढारी झाला. दगडूकाका आणि तानाजी मंडपात मांडीला मांडी लावून बसत. विमलाबाईंनी टिटवाळ्याला एक खोली बघून ठेवली होती, मालकाला विसारही दिला होता. जन्म कंपनीच्या खोलीत काढला, आता भाडं न देता मरायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. सगळं त्या ग्रॅच्युइटीवर अडलेलं.

हे काम कंपनीने उत्तराच्या ऑफिसला दिलं, आणि ते उत्तरा तिथे होती म्हणूनच दिलं. हे तिला माहीत होतं. तिने काम घेतलं, पण एक गोष्ट आधी करून घेतली. तानाजींची ग्रॅच्युइटी कंपनीकडून गुपचूप सोडवली, पूर्णच्या पूर्ण.

‘बाबा, कोणाला बोलायचं नाही. दगडूकाकांनासुद्धा नाही. कळलं तर माझं काम जाईल.’

‘अगं, पण मंडपात कसं जाऊ मी आता?’

‘रोज जाता तसं जा. नाही गेलात तर विचारतील ना.’

तानाजी रोज गेले. ग्रॅच्युइटीसाठी सगळ्यांनी मिळून केलेल्या एकत्र अर्जावर त्यांचंही नाव होतं, ते तसंच राहिलं. ग्रॅच्युइटी मिळालेली नाही अशा प्रतिज्ञापत्रावर सगळ्यांनी सह्या केल्या तेव्हा त्यांनीही केली. पाळी आली की ते उपाशी बसत, आणि खरोखर उपाशी बसत. घरी येऊन चोरून खाल्लं असतं तर कोण बघायला होतं? पण त्यांच्याने ते झालं नाही.

शेवटी उत्तराच एक दिवस मंडपात आली. चपला बाहेर काढून सतरंजीवर बसली. कंपनीने शब्द दिलाय, खोल्या रिकाम्या झाल्या की महिन्याभरात चेक निघतील, असं तिने सांगितलं. तेव्हा तिला स्वतःलाही ते खरंच वाटत होतं, हे तिच्या बाजूने म्हणायला हवं. गोविंदा म्हणाला, ‘लेखी दे ना, बाय.’ तर दगडूकाकाच त्याच्यावर उखडले. ‘कोणाकडून लेखी घेतोस? पोरगी आहे आपली.’

खोल्या सोडायच्या दिवशी बायकांनी उंबऱ्यांवर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडले. कंपनीचा माणूस कमलेश किल्ल्या घ्यायला यायचा होता, पण त्याच्या हातात किल्ली द्यायला कोणाचं मन होईना. ज्याने भट्टी विझवली त्याच्या हातात घराची किल्ली कशी द्यायची? तेव्हा विमलाबाईंना सुचलं. लेक माहेरी आली आहे, माहेर उठतंय, तिची ओटी तर भरायलाच हवी. त्यांनी उत्तराला पाटावर बसवलं, पदरात तांदूळ, नारळ, खण घातला, आणि वर आपल्या खोलीची किल्ली ठेवली. मग एकेक बाई आली. तांदळावर किल्ल्यांचा ढीग झाला. उत्तराच्या डोळ्यांना पाणी आलं, तेही खोटं नव्हतं. पावती मागायचं कोणाच्या मनातही आलं नाही. लेकीची ओटी भरून पावती कोण मागतं?

तिने किल्ल्या पिशवीत घालून कमलेशला नेऊन दिल्या. तो म्हणाला, ‘राहू दे मॅडम, पावत्यांचं नंतर बघू.’ आणि ते राहूनच गेलं.

चेक निघाले नाहीत. कंपनी दुसऱ्या मालकाच्या हातात गेली, बिल्डरचा करार लांबला, रिकाम्या खोल्या तशाच उभ्या राहिल्या आणि पार शेवटी पाडल्या गेल्या. नव्या मालकाच्या हिशेबनीसाने डोकं चालवलं. खोल्या कामगारांनी कधी सोडल्या याचा कंपनीकडे पुरावाच नाही. मग पाडेपर्यंत ती माणसं तिथेच बेकायदा राहत होती असं धरू, आणि तेवढ्या काळाचं दंडभाडं ग्रॅच्युइटीतून कापू. उरेल काय? वाटाण्याच्या अक्षता. माणसं तर दिवा, टिटवाळा, अंबरनाथकडे ओळखीपाळखीने भाड्याच्या खोल्यांत पांगलेली. भाडेकरार कोणी केलेला नव्हता. जुन्या खोल्यांतले विजेचे मीटर पहिल्यापासून कंपनीच्या नावावर, त्यामुळे खोल्या सोडल्याचा कामगारांकडेही कसलाच कागद नव्हता.

कमलेशने नोकरीचा विचार करून हात वर केले, मला काही आठवत नाही म्हणाला. आता किल्ल्या मिळाल्या हे सांगू शकणारी कंपनीच्या बाजूची एकच व्यक्ती होती, उत्तरा. नव्या मालकाच्या आणखी तीन-चार कंपन्या होत्या आणि त्या सगळ्यांचं काम तिच्याकडे यायच्या बेतात होतं. ‘मॅडम, हे एवढं निघालं की बाकीचं तुमचंच,’ असं तिला सांगण्यात आलं. तिने त्यावर पुष्कळ विचार केला. किल्ल्या मी घेतल्या, एवढं एक वाक्य तर म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की हे काम जाणार, पुढचं जाणार, शिवाय पावती न घेणारी वकील म्हणून नाव होणार. आणि दंडभाडं कापता येतं असे निकाल तर होते. ते तिनेच शोधून काढून ठेवले होते.

कामगारांच्या त्या अर्जावरचा दावा ठाण्याच्या कोर्टात उभा राहिला. कामगारांना वकील परवडत नव्हता, म्हणून गोविंदाच त्यांच्या बाजूने उभा राहिला. त्यांचा वकील असता तर पहिल्याच तारखेला म्हणाला असता, की किल्ल्या घेणाऱ्या बाई याच, त्या साक्षीदार आहेत, त्यांनी आधी वकिलीतून बाजूला व्हावं. गोविंदाला हे ठाऊक नव्हतं. गोविंदाला हे ठाऊक नाही हे उत्तराला ठाऊक होतं.

किल्ल्या दिल्याचं सांगायला गोविंदाने साक्षीदार म्हणून आणलं ते तानाजींनाच. ‘बाप खोटा बोलेल काय?’ हा त्याचा हिशेब. तानाजी तेव्हा लेकीकडे घोडबंदर रोडलाच राहत होते. साक्षीला जाणार हे त्यांनी तिला आदल्या दिवशी जेवताना सांगितलं. ती म्हणाली, ‘जा ना. तुम्हांला वाटेल ते सांगा.’ आणि त्यांच्या पानात भात वाढला.

पिंजऱ्यात तानाजींनी सगळं नीट सांगितलं. खोल्या कधी सोडल्या, ओटी कशी भरली, किल्ल्या कुठे ठेवल्या. मागे बाकांवर चाळीतली म्हातारी माणसं दाटीवाटीने बसली होती. मग उत्तरा उलटतपासणीला उठली. न्यायाधीशसाहेबांनी चष्मा काढला.

‘मॅडम, हे तुमचे वडील ना? दुसऱ्या कोणाला उभं करत नाही का?’

‘माझी अडचण नाही सर. साक्षीदारांना अडचण असेल तर मी बसते.’

तानाजी लगेच म्हणाले, ‘नको साहेब, तिलाच विचारू द्या. माझी पोरगी आहे. खोटं काही विचारणार नाही.’

मागून दगडूकाका ‘बरोबर आहे’ म्हणाले.

‘तुमचं नाव सांगा.’

‘आता तुला माहीत नाही होय?’ बाकांवर हशा झाला. साहेबही हसले. ‘तानाजी रामजी दरेकर.’

‘या दाव्यात तुम्हीही अर्जदार आहात?’

‘हो, माझंही नाव आहे.’

‘म्हणजे कंपनीकडून तुमचीही ग्रॅच्युइटी यायची आहे, असं तुमचं म्हणणं.’

तानाजी तिच्याकडे बघत राहिले. भट्टीच्या उजेडाने त्यांचे डोळे कायमचे लालसर झालेले होते, त्यामुळे त्यात काय आलं ते कोणाला दिसलं नसावं.

‘उत्तरा,’ ते हलक्या आवाजात म्हणाले.

‘यायची आहे की नाही, तेवढं सांगा.’

‘नाही.’

‘का नाही?’

‘मिळाली.’

बाकांवरची माणसं ऐकायला पुढे सरकली.

‘खोल्या सोडायच्या आधी की नंतर?’

‘आधी.’

‘उपोषणाला बसत होतात तेव्हा मिळालेली होती?’

‘होती.’

‘पूर्ण?’

‘पूर्ण.’

‘तरी तुम्ही प्रतिज्ञापत्रावर सही केलीत. ते खरं होतं की खोटं?’

‘अगं, तूच तर मला...’

‘सर, साक्षीदारांनी विचारलं तेवढंच सांगावं.’

साहेब म्हणाले, ‘आजोबा, खरं की खोटं?’

‘खोटं.’

‘मग आज किल्ल्यांचं सांगताय ते खरं कशावरून?’

तानाजींनी पिंजऱ्याचं लाकूड धरलं.

उत्तरा खाली बसली. अजून धोका एकच होता. साहेबांनी गोविंदाला विचारलं, ‘तुम्हांला साक्षीदाराला आणखी काही विचारायचं आहे?’ गोविंदाने एकच प्रश्न विचारायचा होता, तुला ग्रॅच्युइटी कोणी मिळवून दिली? उत्तर आलं असतं आणि सगळा डाव उलटला असता. पण उत्तरा त्या खोल्यांमधून वाढलेली होती. तिथली माणसं मालकाला माफ करतात, पोलिसाला करतात, पण आपल्यातला फुटला की त्याच्याशी बोलणं बंद, पाणी बंद. तिने सगळी भिस्त या सवयीवरच ठेवली होती.

गोविंदा उठला. तानाजींकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

‘नाय साएब. आता त्याला काय एक इचारायचा नाय मना.’

बाहेर झाडाखाली सगळे उभे होते. तानाजी पायऱ्या उतरून आले तशी माणसं बाजूला सरकली. एकटे दगडूकाका जागचे हलले नाहीत.

‘तान्या, मिळाली होती तर माझ्याशेजारी उपाशी कशाला बसायचास रे?’

‘तुझ्याबरोबर बसायचो.’

‘थू तुझ्या जिनगानीवर,’ दगडूकाका म्हणाले आणि रिक्षाकडे चालू लागले.

विमलाबाई मागे राहिल्या त्या उत्तरासाठी. ती फायली घेऊन उतरली तेव्हा त्यांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, काळा कोट, टाचेच्या चपला, नीट बांधलेले केस.

‘शिकलीस हो,’ त्या म्हणाल्या. ‘चांगली शिकलीस. आमच्याच डब्यावर.’

‘काकू, अपील करता येतं,’ उत्तरा म्हणाली. ‘मुदत असते तोवर करा.’ आणि हे ती मनापासून म्हणाली होती.

निकाल कंपनीच्या बाजूने लागला. दंडभाडं वळतं होऊन हातात जे आलं त्यात टिटवाळ्याची खोली बसली नाही. विसारही बुडाला. अपिलाला गोविंदाकडे बळ राहिलं नव्हतं. नव्या मालकाने शब्द पाळला आणि सगळ्या कंपन्यांचं काम उत्तराकडे आलं. आता ती हॉटेलांत मॅनेजर लोकांना निवृत्तीच्या देण्यांवर व्याख्यानं देते. कामगाराशी आपुलकीने वागल्याने दावे कसे लवकर निकाली निघतात, हा तिचा आवडता मुद्दा.

तानाजींशी तिने त्या दिवसाबद्दल कधी बोलणं काढलं नाही, त्यांनीही नाही. ते बाल्कनीत बसत आणि खालची तुंबलेली गाड्यांची रांग बघत. चाळीतल्या कोणाचा फोन येत नसे. त्यांनी केलेला कोणी उचलत नसे.

यंदा दगडूकाका गेले. दिवा गावातल्या भाड्याच्या खोलीतच वारले. प्रेत फार वेळ ठेवू नका, दुसरे भाडेकरू कटकट करतात, असं खोलीमालक सारखा सांगत होता. तानाजींना ते दूधवाल्याच्या तोंडून कळलं, त्याचा भाऊ तिकडे राहतो म्हणून. ते एकटेच बसने गेले. तिरडी उचलताना त्यांनी पुढे होऊन खांदा द्यायला हात घातला. गोविंदाने तो हात मनगटाला धरून काढून ठेवला, कपड्यावर पडलेला पाला काढावा तसा. आरडाओरडा काही केला नाही. विमलाबाईंनी ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. मग तानाजी सगळ्यांच्या मागून, मध्ये बरंच अंतर सोडून चालत स्मशानापर्यंत गेले, आणि लाकडं पेटल्यावर बाहेरूनच परत फिरले.

घरी आले तेव्हा उत्तरा जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसली होती.

‘बाबा, कशाला हात लावू नका. गीझर लावलाय. सरळ आंघोळीला जा.’

तानाजी दारातच उभे राहिले.

‘उत्तरा, माझ्या वेळी कोण गं येईल?’

तिने पेन खाली ठेवलं. कोणी काही विचारलं की नीट विचार करून सांगायचं, ही तिची सवय होती.

‘ठाण्यात आता त्याची सर्व्हिस असते बाबा. फोन केला की गाडी येते. सामान, भटजी, खांद्याला माणसं, सगळं तेच पाठवतात. ऋतुराज इथे नसला तरी अडणार नाही. तुम्ही त्याची काळजी करू नका.’

‘माणसं बरी असतात का?’

‘चांगली असतात. त्यांना तसं ट्रेनिंग दिलेलं असतं.’

‘बरं,’ तानाजी म्हणाले, आणि कुठे हात लागू नये म्हणून अंग चोरून भिंतीकडेने आंघोळीला गेले.